तिन्ही विषय

दहावीचा निकाल लागला तेव्हा अमरावतीत उन्हाचा कहर चालला होता. उजाडता उजाडता शाळा भरायच्या आणि ऊन चढायच्या आत सुटायच्या. अकरावीच्या पालकसभाही त्याच वेळेत. सुमेध खंडारे उपकेंद्रातली रात्रपाळी संपवून, अंगावरच्या वीज कंपनीच्या खाकी शर्टानिशीच शाळेत पोचला. यशोधराने पहिल्या रांगेत त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

"झोपू नका हं पप्पा इथे," ती कानाशी कुजबुजली.

विज्ञान शाखेच्या निंभोरकर मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. शाखा एकच असली तरी वाटा दोन होत्या. पहिली 'एकत्र विज्ञान'. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून एकच विषय, बेताचा अभ्यास. तो घेऊन पुढे शेतकी, अध्यापन, कारखाने, बँका कुठेही जाता यायचं. मेडिकल, इंजिनिअरिंग आणि संशोधन मात्र बंद. दुसरी वाट म्हणजे 'तिन्ही विषय'. तिन्ही वेगवेगळे आणि खोलात. पूर्वी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवायचे ते आता अकरावीच्या दिवाळीआधी संपायचं.

"एवढं सगळं नुसत्या पाठांतराने डोक्यात राहत नाही," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तिन्ही विषयांना टोपी लागते."

टेबलावर एक राखाडी, मऊ टोपी ठेवली होती. आतल्या बाजूने बारीक चकत्या शिवलेल्या. मॅडमनी ती उचलून दाखवली.

"आपण झोपतो तेव्हा मेंदू झोपत नाही. दिवसभरात जे पाहिलं, शिकलं, त्यातलं काही तो पुन्हा पुन्हा चालवून बघतो. जे चालवलं जातं ते पक्कं होतं, जे राहतं ते पुसट होत जातं. आता मेंदू कोणाला आधी घेतो? ज्यात भीती आहे, दुःख आहे, आनंद आहे, त्याला. बिचाऱ्या सेंद्रिय रसायनाचा नंबर लागतच नाही. टोपी एवढंच करते. झोपेतल्या लहरी ओळखते, बाकीच्यांना जरा मागे सारते आणि धड्याला पुढे आणते."

मागून एका पालकाने विचारलं, "मॅडम, काही त्रास?"

"त्रास नाही. जुन्या आठवणी थोड्या विरळ होतात. पहिलीच्या बाईंचं नाव आठवत नाही, एखादा वाढदिवस आठवत नाही, इतकंच. आम्ही हे लपवत नाही."

"आम्हाला तर टोपी न घालताच आठवत नाही!" तो पालक म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला. सुमेधही हसला.

परत येताना राजापेठेत दोघं उसाच्या रसासाठी थांबले. सुमेधने विचारलं, "एकत्र विज्ञानही वाईट नाही यशो. मी स्वतः डिप्लोमावालाच आहे. काय अडलं माझं?"

"मला डॉक्टर व्हायचं आहे."

"तेच म्हणून राहिलो. एवढा जीव काढायचा—"

"पप्पा," तिने ग्लास खाली ठेवला, "तुम्हाला माहीत आहे ना काहून ते."

त्याला माहीत होतं. त्याने रसाचे पैसे दिले.

यशो सात वर्षांची असताना, एका दुपारी, तिची आई पल्लवी स्वयंपाकघरात कोसळली होती. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली होती. त्या वेळी सुमेध वलगावच्या रस्त्यावर खांबावर चढलेला, फोन खाली जीपमध्ये. घरात पल्लवी आणि यशो, दोघीच. शेजारच्या बाईंनी दार ढकललं तेव्हा पल्लवी फरशीवर पडलेली होती आणि यशो तिचा हात धरून शेजारी बसलेली. तशी ती बराच वेळ बसून होती, कारण आई बोलत होती. डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित. ते यशोने ऐकलं. कोणीतरी तिला बाजूला न्यायला हवं होतं, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पुढे बरेच महिने तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. मग हळूहळू ती बोलू लागली, शाळेत जाऊ लागली, पहिल्या पाचात येऊ लागली. त्या दुपारबद्दल मात्र तिने एकच वाक्य सांगितलं होतं: "आई बोलत होती, म्हणून मी उठली नाही." आई काय बोलत होती ते तिने सांगितलं नाही. समुपदेशक बाईंनी सुमेधला बजावलं होतं, खोदून विचारू नका, ती मोठी होईल तेव्हा आपणहून सांगेल. त्याने कधी विचारलं नाही. पल्लवीचं शेवटचं बोलणं आपल्या मुलीजवळ सुखरूप आहे, कधीतरी ते आपल्याला मिळेल, या भरवशावर तो जगत आला होता. झोपेत यशो दचकून किंचाळायची, तेव्हा तो जाऊन तिच्या उशाशी बसायचा. कपाळावर हात ठेवला की ती शांत व्हायची. सकाळी दोघंही त्याचा विषय काढायचे नाहीत.

तिने तिन्ही विषय घेतले.

पहिल्या महिन्यातच फरक दिसू लागला. संध्याकाळी वाचलेला धडा सकाळी तिला तोंडपाठ असायचा. नुसता पाठ नाही, समजलेला. चहा पिता पिता ती सुमेधला स्नायूंच्या पेशी कशा आकसतात ते समजावून सांगायची आणि त्यालाही ते कळायचं. निंभोरकर मॅडमचा फोन आला, "खंडारे साहेब, ही मुलगी सरकारी मेडिकलला लागणार, लिहून ठेवा."

आणखी एक फरक झाला. यशो झोपू लागली. किंचाळणं थांबलं. सकाळी तिचा चेहरा ताजा असायचा, ती पोळ्या मोजून न खाता भूक लागेल तशा खायची, मैत्रिणींबरोबर छत्री तलावावर फिरायला जायची. आंघोळ करताना शिट्टी वाजवायची. इतक्या वर्षांत तिची शिट्टी सुमेधने ऐकली नव्हती. पोरगी सुटली एकदाची, असं त्याला वाटलं. टोपी बनवणाऱ्यांना त्याने मनातल्या मनात हात जोडले.

जानेवारीत पल्लवीचा स्मृतिदिन आला. दरवर्षीप्रमाणे सुमेधने सुट्टी टाकली, सकाळी घर पुसलं, बुद्धमूर्तीजवळ पल्लवीचा फोटो मांडला, शेवंती आणली. दोघांनी मिळून त्रिशरण म्हटलं. दरवर्षी या दिवशी यशो पांढरा कुर्ता घालून दिवसभर गप्प असायची, जेवायला बोलवावं तेव्हा दोन घास खायची. आज तिने मेणबत्ती लावली, नमस्कार केला आणि फोटो निरखत म्हणाली,

"पप्पा, हा फोटो बदलू या ना. आई नीट दिसत नाही यात." मग सहज, दारावर आलेल्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं, "आई उंच होती का हो?"

सुमेधने उदबत्तीसाठी काडी पेटवली होती. ती बोटाला चटका देऊन विझली.

"म्हणजे?"

"फोटोवरून कळत नाही ना."

"यशो, तू तिच्या कडेवरून उतरायची नाहीस. तुला नाही माहीत ती किती उंच होती?"

यशोने आठवून पाहिलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ किंचित हलले. वर्गात उत्तर जिभेवर असूनही सांगता न येणाऱ्या मुलीसारखी ती दिसत होती.

"मला माहीत आहे सगळं," ती सावकाश म्हणाली. "तिचं नाव पल्लवी. ती बालवाडीत शिकवायची. मी सात वर्षांची असताना गेली. माहीत आहे. पण... दिसत नाही पप्पा. आवाजही नाही. कोणीतरी सांगितल्यासारखं आहे नुसतं."

सुमेध खाली बसला. इतकी वर्षं जो प्रश्न त्याने गिळला होता, तो त्याच्या तोंडून आपोआप निघाला.

"त्या दुपारी ती तुझ्याशी बोलत होती. काय बोलत होती यशो?"

"कोणत्या दुपारी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ती खोटं बोलत नव्हती, लपवत नव्हती, टाळत नव्हती. तिचे डोळे स्वच्छ होते.

"आई दवाखान्यात गेली ना?" तिने विचारलं.

दुसऱ्याच दिवशी तो तिला नागपूरला डॉ. काझींकडे घेऊन गेला. झोपेचे तज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांनी यशोच्या तपासण्या केल्या, तिच्याशी बराच वेळ बोलले, मग तिला बाहेर बसवून सुमेधला आत घेतलं.

"टोपी बिघडलेली नाही," ते म्हणाले. "जे करायचं तेच तिने केलं आहे. आठवण म्हणजे कपाटातली वस्तू नाही खंडारे साहेब, की काढली, पाहिली, ठेवली. प्रत्येक वेळी आठवण जागी होते तेव्हा ती सैल होते, आणि मेंदूला ती पुन्हा नव्याने बसवावी लागते. त्या थोड्या वेळात तिला बसूच दिलं नाही, तर ती विस्कटते. इतर मुलांच्या आठवणी वर्षा-दोन वर्षांतून एखादेवेळी जाग्या होतात, म्हणून त्यांचं नुकसान किरकोळ. तुमच्या मुलीची आई तिच्या झोपेत रोज येत होती. रोज ती आठवण उघडायची आणि रोज टोपी तिला मागे ढकलून धडा पुढे आणायची."

"म्हणजे तिला आई सगळ्यात जास्त आठवत होती..."

"म्हणून सगळ्यात आधी गेली. हो."

"परत?"

काझींनी मान हलवली. "पुढे टोपी वापरली नाही तर जे शिल्लक आहे ते टिकेल. गेलेलं यायचं नाही."

सुमेधने खिडकीबाहेर पाहिलं. बाकावर बसून यशो एका लहान मुलाला कागदाचं विमान करून देत होती.

"ती दुपार मी तिला सांगू का, डॉक्टर? जेवढी मला माहीत आहे तेवढी?"

"सांगू शकता. पण ती तिची आठवण नसेल, तुमची असेल. आणि एक लक्षात घ्या. त्या आठवणीबरोबर तिची भीतीही गेली आहे. स्वतःला दोष देणंही. ते तुम्ही परत द्याल की नाही, हे मी ठरवू शकत नाही."

परतीच्या बसमध्ये, तळेगाव गेल्यावर यशो म्हणाली, "मला रडू यायला पाहिजे ना पप्पा? येत नाहीये. याचंच वाईट वाटतंय. चालतं का असं?"

"चालतं," तो म्हणाला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

टोपी त्याने त्याच दिवशी कपाटावर टाकली. त्यानंतर रोज संध्याकाळी तो तिला पल्लवीबद्दल सांगू लागला. ती बालवाडीतल्या मुलांची नक्कल कशी करायची. चिखलदऱ्याला गेले असताना धुक्यात तिची चप्पल हरवली आणि ती अनवाणीच सगळीकडे कशी फिरली. वांग्याच्या भाजीत तिळाचं कूट जास्तच घालायची आणि कोणी नावं ठेवली तर उठून जायची. यशो मन लावून ऐकायची, हसायची, प्रश्न विचारायची. सांगता सांगता सुमेधच्या लक्षात यायचं की शेजारणीची गोष्ट ऐकताना ती अशीच हसली असती. यापूर्वी पल्लवीचं काही निघालं की दोघांचे डोळे एकदम भरायचे. आता त्याचे एकट्याचे भरायचे आणि यशो त्याला पाणी आणून द्यायची.

ती दुपार त्याने सांगितली नाही. प्रत्येक वेळी सुरुवात करायचा आणि चिखलदऱ्याकडे वळायचा. सांगण्यासारखं त्याच्याजवळ होतंच किती? खांब, जीप, वाजून वाजून बंद पडलेला फोन. घरात काय झालं ते पाहणारी, ऐकणारी एकच होती, आणि आता तिला विचारूनही उपयोग नव्हता. पल्लवी काय म्हणाली असेल? पप्पांना बोलाव? घाबरू नको? की नुसतीच दोघांची नावं घेत राहिली? स्टोव्हवर काहीतरी ठेवलंय, ते उतरव, असंही म्हणाली असेल. ते शब्द आता जगात कुठेच नव्हते, कोणाकडेच नव्हते. पल्लवी गेली तेव्हा तो जसा रडला होता, तसाच एकदा उपकेंद्राच्या बॅटरीखोलीत रडला. यंत्रांच्या घरघरीत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

बारावीला एकदाच वाट बदलता यायची. एप्रिलमध्ये निंभोरकर मॅडमनी दोघांना बोलावून घेतलं. वर्षभरात त्यांचेही केस पिकल्यासारखे वाटत होते.

"टोपीशिवाय तिन्ही विषय जमवणारी मुलगी मी पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "पण यशोधराचा पाया इतका पक्का झालाय की ती जमवेल. नेट लावावा लागेल, वर्षभर मान वर करता येणार नाही. पण ती डॉक्टर होईल, मी सांगते. किंवा मग एकत्र विज्ञान. तू ठरव बेटा. उद्या सांग."

बाहेर व्हरांड्यात यशो कठड्याला टेकून उभी राहिली. मैदानात लहान मुलं कवायत करत होती.

"पप्पा, मी तिन्ही विषय काहून घेतले होते?"

सुमेध तिच्या शेजारी कठड्याशी आला.

"डॉक्टर व्हायचं होतं तुला."

"ते माहीत आहे. पण काहून? मी खूप आठवून पाहिलं. रस प्यायला थांबलो होतो तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, तुम्हाला माहीत आहे काहून ते. ते बोलणं आठवतं. कारण नाही आठवत." ती त्याच्याकडे वळली. "तुम्हाला माहीत आहे ना?"

कवायतीची शिट्टी वाजली. सुमेधने कठडा घट्ट धरला. एक वाक्य बोललं की झालं. तुझ्या डोळ्यांदेखत तुझी आई गेली आणि तू उठली नाहीस म्हणून. ते ऐकून ती तिन्ही विषय ठेवेल, मान मोडून अभ्यास करेल, डॉक्टर होईल, आणि जन्मभर एका फरशीवर बसून राहील. ती फरशी तिला दिसणारही नाही, नुसता दोष तेवढा असेल. न सांगावं, तर पोरीने जे मिळवण्यासाठी आपली आई मोजली, तेही तिच्या हातून जाईल.

"आवड होती तुला," तो म्हणाला. "लहानपणापासून. बेडूक वगैरे पकडायचीस."

"एवढंच?"

"एवढंच."

यशोने विचार केला. मग तिचा चेहरा उजळला.

"मग मी सोडते पप्पा. खरं सांगू? आवड नाही वाटत आता. सगळं येतं, पण आतून काही होत नाही. मला उगाच वाटत होतं, आपण कोणाला तरी शब्द दिलाय."

"नाही दिलास कोणाला."

"नक्की?"

"नक्की."

ती आत जाऊन मॅडमना सांगून आली. येताना जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत आली. सुमेधने तिला राजापेठेत नेऊन उसाचा रस पाजला. स्वतःचा ग्लास त्याने अर्धाच संपवला.

यशोधराचं पुढे चांगलं झालं. तिने एकत्र विज्ञान घेतलं, शेतकी कॉलेजात गेली. परतवाड्याजवळच्या रोपवाटिकेत ती उन्हाला टिकणारी संत्र्याची कलमं तयार करायची, आणि तिची झाडं खरंच जगायची. परतवाड्याच्याच एका शिक्षकाशी तिने लग्न केलं. ती मोकळं हसायची, भांडायची, रात्री पाठ टेकली की झोपायची. लोक म्हणायचे, बिनआईची पोर, पण काय गुणाची निघाली. सुमेध मान डोलवायचा.

मधल्या काळात टोपीचं काम बदललं. शाळांमधून ती हळूहळू बाजूला पडली आणि दुकानांमधून मिळू लागली. ज्यांना दुःख सोसवत नाही अशांसाठी. धड्याऐवजी तिच्यात बासरी किंवा पाण्याचा आवाज भरलेला असायचा. काम तेच.

सुमेध निवृत्त झाला तेव्हा यशो नवऱ्याला घेऊन आली. जेवणं झाली, हार-तुरे झाले. निघताना तिने पिशवीतून एक खोका काढून त्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"उघडा ना."

आत टोपी होती. राखाडी नाही, छान निळी.

"तुम्ही झोपत नाही पप्पा. मला माहीत आहे. इतकी वर्षं बघून राहिली मी. आईमुळे ना?" तिने त्याचा हात हातात घेतला. तिचा तळवा मातीत काम करून खरखरीत झाला होता. "मला आठवत नाही, म्हणून मी सुटली. तुम्ही एकटेच अडकून पडले. आता तरी लावा ही. थोड्या दिवसांत हलकं वाटतं. खरंच सांगते, काही दुखत नाही."

तिच्या आवाजात माया होती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"लावतो," तो म्हणाला.

"वचन?"

"जा आता. अंधार व्हायच्या आत पोचाल."

ती दोघं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेध खोका काखेत धरून जयस्तंभ चौकात, या टोप्या विकणाऱ्या दुकानात गेला. काउंटरवरच्या माणसाने टोपी उलटसुलट करून पाहिली.

"वापरलेली दिसत नाही काका. काही बिघाड आहे का?"

"नाही. मापाची नाही."

"माप लागत नाही हो हिला. पट्टा सैल करता येतो, कोणालाही बसते. दाखवू का?"

"मला नाही बसत," सुमेध म्हणाला आणि टोपी काउंटरवर त्याच्याकडे सरकवली.